दार लागंना

आमच्या शेजारचे मल्हारी आप्पा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्या डोक्यावर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं दोनदा टकटक करतात आणि म्हणतात, "चला, पुढं सरका." मग बटण दाबतात. मग दोन पावलं मागं होऊन, वर कुठली तरी दांडी धरल्यासारखा हात करून जागच्या जागी डुलत राहतात. कॉम्प्युटर सुरू होत नाही, तो भाग वेगळा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबता दाबता माझा चहा बशीत सांडला. विनातिकीट प्रवाशाकडं बघावं तसं आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, हसू नका. आपण आलो ते यंत्राला कळाया नको का? झोपलेल्याला उठवल्याबिगर तिकीट कसं फाडायचं?"

आप्पा एसटीत कंडक्टर होते. 'होते' म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण नोकरी संपली तरी त्यांच्यातला कंडक्टर काही खाली उतरलेला नाही. निवृत्त होताना त्यांनी सगळं सामान जमा केलं, हा चिमटा तेवढा खिशात राहिला. कसा राहिला ते विचारायचं नाही. घरी पाहुणे आले की आप्पा पायरीवरून आत हाक देतात, "अगं, चार सीट हायत." गावात लग्न असलं की पंगत बसवायला त्यांनाच बोलावणं. मधे जागा सोडू नका, पोराला मांडीवर घ्या, पिशवी पायाखाली, असं करत आप्पा एका पंगतीत दीड पंगत बसवून देतात. कुणी पाल्हाळ लावलं तर म्हणतात, "सुट्टं बोला." आणि स्वतःला एखाद्या गोष्टीवर बोलायचं नसलं की हात झटकतात, "लई मोठी नोट हाय गुरुजी. सुट्टे न्हाईत माझ्यापाशी."

गाडीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हा नियम आप्पा देवळातही पाळतात. आमच्या अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. देव वर्षातले काही महिने इथं, काही महिने नळदुर्गला. पालखीतून जातो, पालखीतून येतो. देव इथं असला की आप्पा देवळातली घंटा एकदाच वाजवतात. मी एकदा कारण विचारलं, तर मलाच वेड्यात काढलं. "डबल दिली आन् देव निघाला नळदुर्गला म्हंजी? जिम्मेदारी कुणाची?" ज्या दिवशी पालखी खरोखर निघते, त्या दिवशी मात्र ते घंटेखाली उभे राहतात आणि दोनदा वाजवतात. त्याशिवाय देव हलत नाही अशी त्यांची समजूत आहे.

सकाळची सोलापूरची गाडी आप्पांची होती. नळदुर्गहून निघायची, आमच्या फाट्यावर थांबायची आणि गावातल्या कॉलेजच्या पोरी तिच्यात चढायच्या. पोरींची तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक. एक आली तर दुसरी येत नाही, दुसरी आली तर तिसरीचा डबा घरी राहिलेला. ड्रायव्हर उतावळा, वेळ झाली की इंजिनाचा आवाज वाढवायचा. आणि अशा वेळी लांब रस्त्यावर ओढणी सावरत पळत येणारी पोरगी दिसली की आप्पा दाराशी वाकायचे, दार आपटायचे, उघडायचे, परत आपटायचे आणि पुढं ओरडायचे, "थांबा ओ, दार लागंना!"

दाराला काही झालेलं नसायचं. पोरगी चढली की तेच दार पहिल्या झटक्यात लागायचं, आणि डबल बेल.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई त्याच गाडीनं शिकल्या. त्या सांगतात, "माझी परीक्षा होती आणि घरातलं घड्याळ बंद पडलेलं. फाट्यावर पोचले तर आप्पा दाराची कडी धरून घामाघूम झालेले आणि मागचे प्रवासी शिव्या देतायत. मी चढले तर मलाच म्हणाले, 'लवकर येत जा गं माय, रोज रोज दार कुठवर बिघडवू?'"

निवृत्त झाल्यावर माणसं शेतात रमतात, देवळात रमतात, नाहीतर राजकारणात. आप्पा तिन्हीत रमले नाहीत. घराणं धनगराचं, पण मेंढरं वडिलांबरोबरच गेली. थोडं रान आहे, ते वाट्यानं दिलेलं. आप्पा सकाळी फाट्यावर जायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे, "ही लेट हाय" एवढं कुणाला तरी सांगायचे आणि घरी यायचे. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण भूमहून पार्सल आलं.

भूमला आप्पांची एकुलती एक लेक दिली आहे, शोभा. तिचं तिथं बाजारात दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देणं, झेरॉक्स काढणं आणि लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करून देणं. दुकानात नवा कॉम्प्युटर घेतला म्हणून जुना तिनं आईला पाठवला. आई म्हणजे आमच्या सुमनकाकू. काकूंना मोबाइलवर नातवंडांची तोंडं शेंगदाण्याएवढी दिसतात. मोठ्या पडद्यावर नीट दिसतील, बोलता येईल, म्हणून हा खटाटोप. ओळखीच्या कंडक्टरनं तो खोका पोत्यात गुंडाळून सीटवर बसवून आणला. आप्पांनी फाट्यावर उतरवून घेतला आणि त्याला पहिला प्रश्न केला, "ह्याचं तिकीट फाडलंवतं का?"

खोक्याला घरात 'डबा' असं नाव पडलं. डबा जोडला, टकटक झाली, बटण दाबलं. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती आणि इंग्रजीत सांगत होती की सिस्टम सापडत नाही. धक्के खाऊन आतलं काहीतरी गेलं असावं. आप्पांनी मला हाक मारली.

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि मला कॉम्प्युटरही भूगोलासारखाच येतो. कुठं काय आहे ते सांगू शकतो, स्वतः गेलेलो नाही. पण शेजाऱ्यासमोर कोण कबूल करणार? नवी सिस्टम घालावी लागेल, पेनड्राइव्हमधून घालतात, असं ऐटीत सांगितलं आणि शाळेतून तसली फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करून आणली. आप्पांनी तो तळहातावर घेतला. देव्हाऱ्यातली डबी काढली, चिमूटभर भंडारा त्याच्या तोंडाला लावला आणि "येळकोट" असं पुटपुटत डब्यात खुपसला. आमच्याकडं नव्या वस्तूला भंडारा लागल्याशिवाय ती कामाला लावत नाहीत, मग ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी. मी बाजूला सरकून बसलो. शिक्षकानं देवाच्या आणि राजकारणाच्या मधे पडू नये.

पडदा काळा. परत केलं, परत काळा. दोन दिवस आम्ही दोघं त्या डब्याभोवती घुटमळत होतो. आप्पांनी पेनड्राइव्ह ठेवायला जुना तिकिटांचा पत्र्याचा ट्रे काढला होता. ज्या खणात तिकिटांचे गठ्ठे बसायचे, तिथं आता तो एकटा बसायचा. शेवटी काकू वैतागल्या. "आवं, शोभीला इचारा की. तिचं रोजचंच काम हाय हे."

आप्पांनी हात झटकला. मोठी नोट.

मी आपला सरळ म्हणालो, "मग लावा की फोन." काकूंनी माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, पण तशाच आत गेल्या. आता मी ह्या गल्लीत राहायला आलो तो शोभाच्या लग्नानंतर. मला एवढंच ठाऊक होतं की तिचा फोन आला आणि आप्पांनी उचलला, तर पलीकडून एकच वाक्य येतं, "आईला द्या." आप्पा "देतो" म्हणतात, फोन काकूंकडं देतात आणि ओट्यावर येऊन बसतात. मला वाटायचं, लेकीचं आईशी सूत जास्त. असतं एखादीचं.

त्या दुपारी मी तिथंच होतो. फोन वाजला. आप्पांनी उचलला आणि नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर टाकला.

"आईला द्या."

"देतो." आप्पा थांबले. "शोभा, जरा डब्याचं इचारायचं हुतं."

 फोन कट झाला असं मला वाटलं. मग आवाज आला, "काय झालंय त्याला?"

"पेनड्राइव्ह लावलाय. पडदा काळाच हाय."

"पेनड्राइव्हात काय टाकलंय?"

"फाईल. गुरुजींनी टाकली."

"नुसती कॉपी केलीय का?"

मी मान हलवली. फोनला ती दिसत नाही हे जरा उशिरा लक्षात आलं.

"आप्पा," शोभा म्हणाली, "गाडीत प्रवासी कोंबले म्हणून गाडी चालती का? ड्रायव्हर लागतो ना. नुसती फाईल म्हणजे नुसते प्रवासी. पेनड्राइव्ह बूटेबल करावा लागतो. म्हणजे त्याच्यात ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसवावं लागतं, जो गाडी चालू करील."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना त्यांच्याच भाषेत कुणीतरी काहीतरी समजावून सांगत होतं. "बराबर हाय," ते मला म्हणाले. "दोन दिस आपण बिनड्रायव्हरची गाडी ढकलतोय, गुरुजी."

कोणता प्रोग्राम वापरायचा ते तिनं मला सांगितलं. मी पेनड्राइव्ह नव्यानं तयार करून आणला, ड्रायव्हरसकट. आप्पांनी भंडारा लावला, टकटक केली. पडदा काळा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि 'आईला द्या' आलंच नाही. "झालं का?" असं आलं.

"न्हाय गं. काळाच."

"पेनड्राइव्हचा दिवा चमकतो का?"

"ह्याला दिवा असतो व्हय?"

"बुडाशी बघा, बारका असतो. तो सारखा चमकत राहिला म्हणजे डबा पेनड्राइव्हातलं वाचतोय. मग पडद्यावर काही ना काही येणारच. नाही चमकला तर डब्याला पेनड्राइव्ह दिसतच नाही."

आप्पा गुडघे टेकून वाकले. "न्हाय चमकत."

 मग पलीकडून हळूच प्रश्न आला, "आप्पा, त्याला भंडारा लावलाय का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. "लावला," आप्पा म्हणाले. "वाईच."

आणि शोभा हसली. मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकत होतो. "माझ्या कॅल्क्युलेटरला पण लावला होता तुम्ही. पाचाचं बटण दहावीपर्यंत अडकत होतं."

"अडकत हुतं व्हय? तू बोलली न्हाईस."

"देवाचं काय सांगायचं म्हणून नाही बोलले."

आप्पाही हसले. काकू आतून पिठाच्या हातांनी दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. एवढ्याशा विनोदावर त्यांच्या डोळ्यांत पाणी कशाला यावं, ते मला तेव्हा कळलं नाही.

जुन्या दात घासायच्या ब्रशनं आम्ही पेनड्राइव्हचं तोंड आणि डब्याचं भोक साफ केलं. चांगली बोटभर पिवळी भुकटी निघाली. दिवा एकदा चमकला आणि विझला. पण पडद्यावर तेच. मग रोज दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. दुपारी शोभाच्या दुकानात गर्दी नसते आणि माझी शाळा सकाळची. इकडं आप्पा जेवण झालं की चूळ भरायचे, केसावरून ओला हात फिरवून टोपी घालायचे आणि डब्यासमोर ताठ बसायचे. फोनवर टोपी दिसत नाही असं मी एकदा सांगून बघितलं. "आपल्याला तर कळतंय की," ते म्हणाले.

एक दिवस शोभानं सांगितलं की डब्यात पहिल्या सीटवर जुनी डिस्क बसलीय. तिच्याकडं आता काही नाही, पण जागा अडवलीय. तिला मागं पाठवून पेनड्राइव्हला पुढं घ्या. "आमदाराच्या राखीव सीटवर म्हातारं झोपलंय म्हण की," आप्पा म्हणाले आणि बाण दाबून दाबून त्यांनी त्या म्हाताऱ्याला शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की डब्याच्या सेटिंगमध्ये दारातच एक चेकर उभा आहे. अनोळखी पेनड्राइव्ह दिसला की तो पास मागतो आणि आत सोडत नाही. "त्याला सुट्टी देऊन टाका, आप्पा." चेकरला सुट्टी देताना आप्पांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. नोकरीभर त्यांना हे करायचं असावं.

एकदा आप्पा फाट्यावर गेले होते तेव्हा काकूंनी मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि आपण होऊन सांगितलं. "गुरुजी, शोभीचा बारावीनंतर सोलापूरला नंबर लागला हुता. कॉम्प्युटरलाच. ह्यांच्याच गाडीनं जायचं न् यायचं. ह्यांनी न्हाय म्हणलं. कामून न्हाय, ते मलाबी सांगितलं न्हाय आन् तिलाबी न्हाय. त्याच सालात लगीन लावून दिलं. जावई भला निघाला, दोन लेकरं झाल्यावर त्यानंच तिला शिकू दिलं. पर पोरगी ह्यांच्याशी बोलायची बंद झाली ती झालीच. भांडली न्हाय, काय न्हाय. 'आईला द्या', बास."

मला आप्पांचा मनापासून राग आला. अख्ख्या गावाच्या पोरींसाठी गाडीचं दार आपटत बसणारा हा माणूस, आणि घरच्या पोरीला घरातच ठेवतो? चहा अर्धा टाकून मी फाट्यावर गेलो. आप्पा पिंपरणीच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसले होते. मी सरळ विचारलं. मोठी नोट दाखवतील असं वाटलं होतं, पण नाही दाखवली.

"गुरुजी, तुमी गाडीत मागच्या सीटवर बसलाव का कधी?" ते म्हणाले. "पुढं पोरी बसत्यात, मागं टवाळ पोरं. पोरी चढल्या की मागं काय बोलणं चालतंय, ते ड्रायव्हरला ऐकू येत न्हाय आन् पोरींनाबी येत न्हाय. कंडक्टरला येतंय. कितीतरी जणांला म्या रस्त्यात उतरवलंय. पर दुसऱ्याच्या पोरीवर बोललेलं असलं की माणूस चार शिव्या घालतो आन् तिकीट फाडायला लागतो. माझ्या शोभीवर कुणी तसं बोललेलं ऐकायची ताकद न्हवती माझ्यात. म्हणून न्हाय म्हणलं."

एक गाडी आली. तिच्यातून माणसं उतरली, चढली. आप्पांनी ती लेट आहे की वेळेवर, ते सांगितलं नाही.

"साऱ्या गावाच्या पोरी माझ्या गाडीतनं शिकल्या," ते म्हणाले. "माझीच तेवढी फाट्यावर राह्यली."

"हे तिला सांगितलंत?"

"सांगायचंय. रोज ठरवतो. 'शोभा, माझं चुकलं, तुला जाऊ द्यायला पायजे हुतं.' सुट्टंच हाय की, काय मोठं न्हाय. पर ओठावर येतंय तवर ती इचारती, दिवा चमकतो का. मग दिव्याचंच बोलणं हुतंय. तवर तिच्या दुकानात गिऱ्हाईक येतंय." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "आन् डबा चालू झाला की माझं काम संपलं बगा. मायलेकी पडद्यावर बोलतील, बोलू द्या, चांगलंच हाय. पर मग मला कोण पुसतंय? परत 'आईला द्या'."

माझा राग गेला नाही, पण तो कुठं ठेवावा ते कळेना. मी त्यांच्याशेजारी पुढची गाडी येईपर्यंत बसून राहिलो.

दोन दिवसांनी शोभानं सगळ्यात शेवटची अडचण ओळखली. डबा जुन्या काळचा आहे आणि मी पेनड्राइव्ह नव्या पद्धतीनं तयार केला होता. "जुन्या गाडीला नव्या रस्त्याचं परमिट नसतं," ती म्हणाली. कोणत्या खुणेवर टिचकी मारायची तेही मला सांगितलं. मी संध्याकाळी शाळेत जाऊन तसा पेनड्राइव्ह केला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आप्पांकडं घेऊन गेलो.

आप्पा तयार होते. टोपी नवी होती. भंडारा त्यांनी या वेळी पेनड्राइव्हला न लावता स्वतःच्या कपाळाला लावला. "आज म्हणतोच बगा," ते माझ्या कानाशी म्हणाले. फोन आला. "लावा," शोभा म्हणाली. आप्पांनी पेनड्राइव्ह लावला, चिमट्यानं टकटक केली, "चला, पुढं सरका" म्हणाले आणि बटण दाबलं.

दिवा चमकायला लागला. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले. मग अख्खा पडदा निळा झाला, मधे एक चौकट उघडली आणि तिनं विचारलं, भाषा कोणती? इतक्या दिवसांची खटपट सार्थकी लागली होती. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात आप्पांचा चिमटा धरलेला हात माझ्या गुडघ्यावर येऊन घट्ट बसला.

"काय झालं आप्पा?" फोनमधून आवाज आला. "आलं का काही पडद्यावर?"

आप्पा पडद्याकडं बघत होते. निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, कपाळावरचा भंडारासुद्धा हिरवट दिसत होता.

"न्हाय गं," ते म्हणाले. "काळाच हाय."

"दिवा चमकतोय का?"

आप्पांना खोटं बोलायची सवय फक्त दाराबद्दल. एवढं एक खोटं बोलून त्यांचं भांडवल संपलं होतं. "दिवा व्हय," ते अडखळले. "दिवा चमकतोय."

 दिवा चमकत राहिला म्हणजे पडद्यावर काही ना काही येणारच, हे शोभानंच शिकवलेलं. पलीकडं दुकानात कुणीतरी तिला विचारलं, "ताई, झेरॉक्स?" ती म्हणाली, "जरा थांबा." मग ती फोनच्या जवळ येऊन बोलली असावी, कारण आवाज एकदम खोलीत आल्यासारखा झाला. लहानपणी सुट्टीत बापाच्या गाडीतून फिरलेली पोरगी ती.

"आप्पा, दार लागंना का?"

आप्पांचे ओठ हलले. कोणतं वाक्य तिथं येऊन थांबलंय ते मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी ते म्हणत होतो, म्हणा ओ एकदाचं, असं विनवत होतो. वर्गात पोराला येत असलेलं उत्तर देता येत नाही तेव्हा होतं तसं मला झालं.

"लागंना, माय," आप्पा म्हणाले.

"असू द्या. मी थांबते."

काकू केव्हा बाहेर आल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी निळा पडदा बघितला. त्यावर त्यांना नातवंडं दिसणार होती, कितीतरी दिवस त्या वाट बघत होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि भिंतीपाशी जाऊन डब्याचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. मग त्या आत निघून गेल्या.

"जेवलीस का?" आप्पांनी विचारलं.

"जेवले. तुम्ही?"

"व्हय."

"उद्या बघू मग."

"उद्या," आप्पा म्हणाले. फोन बंद झाला.

मला फार वाईट वाटलं. माणसाला एवढं एक वाक्य का बोलता येऊ नये? आणि तिनं तरी किती दिवस थांबायचं? आप्पा काळ्या पडद्यासमोर तसेच ताठ बसले होते. पडद्यात त्यांची टोपी आणि कपाळ अंधूक दिसत होतं. त्याच्याकडं बघत ते स्वच्छ आवाजात, कुठंही न अडखळता म्हणाले, "शोभा, माझं चुकलं. तुला जाऊ द्यायला पायजे हुतं."

मग माझ्याकडं वळले. "बराबर जमलं का, गुरुजी?"

"जमलं," मी म्हणालो. "उद्या अस्संच म्हणा."

"उद्या म्हणतोच," असं म्हणून आप्पांनी पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली आणि तिकिटांच्या ट्रेमध्ये त्याच्या खणात ठेवून दिला.